गाडगीळांचा ‘फुल फॉर्म’

गेल्या वर्षी आमच्या विभागात एक तरुण अधिकारी नव्याने रुजू झाल्या. हुशार, टिपणी स्वच्छ लिहिणाऱ्या, आकडेमोडीत पक्क्या. डोंगराळ राज्यांना काही योजनांत केंद्राचा वाटा नव्वद टक्के आणि इतरांना साठ टक्के का, याचा पूर्वेतिहास शोधण्याचे काम मी त्यांना दिले होते. दोन दिवस जुन्या नस्त्या चाळून त्या माझ्या खोलीत आल्या आणि संकोचाने म्हणाल्या, “सर, एक अडचण आहे. जुन्या कागदांत सगळीकडे ‘गाडगिल फॉर्म्युला’ असे येते. पण गाडगिलचा फुल फॉर्म कुठेच दिलेला नाही.”

मला प्रथम हसू आले आणि लगेच ओशाळल्यासारखे झाले. टंकलेखन यंत्राच्या काळातले कागद ते, शब्द मोठ्या इंग्रजी अक्षरांत टंकलेला. दिल्लीत दररोज नवी आद्याक्षरे जन्माला येतात, तेव्हा हेही एखाद्या योजनेचे संक्षिप्त नाव असावे असे त्यांना वाटले तर त्यांचा दोष नव्हता. त्यांच्या गावापासून पुणे दीड हजार किलोमीटर दूर. तो एका माणसाचा आडनाव आहे, हे मी सांगितल्यावर त्यांनी वहीत नाव लिहून घेतले आणि विचारले, “म्हणजे ते अर्थमंत्री होते का?”

नव्हते. आणि ते कोण होते हे सांगायला लागल्यावर माझ्या लक्षात आले, की मलाही पाच मिनिटांपलीकडे सलग बोलता येत नव्हते. अर्थशास्त्रात एम. ए. केलेला, पुण्यात शिकलेला, आयुष्याची तीस वर्षे केंद्र सरकारात घालवलेला मी. त्या संध्याकाळी घरी जाऊन जुनी पुस्तके काढली. हे लेखन त्यातून झाले.

धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचा जन्म १९०१ चा. बालपण व शालेय शिक्षण नागपूरचे. पुढे केंब्रिजला क्वीन्स कॉलेजात गेले, आणि तेथे केलेल्या अभ्यासावरचे त्यांचे भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील पुस्तक १९२४ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने छापले. तेव्हा त्यांचे वय तेवीस. त्या वयात आम्ही स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शिका पाठ करीत होतो. परतल्यावर मुंबई सरकारच्या अर्थखात्यात थोडा काळ, मग सुरतेच्या महाविद्यालयात पाच वर्षे प्राचार्यपद, आणि १९३० पासून पुण्याची गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था. रावबहादुर रा. रा. काळे यांनी भारत सेवक समाजाला दिलेल्या देणगीतून ती उभी राहिली आणि गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. छत्तीस वर्षे तेच पद.

सरकारी अर्थखात्यातून बाहेर पडून सुरतेच्या कॉलेजात जाणे, ही आपल्या घरांत आजही वेडेपणाची गोष्ट ठरेल. असो.

एम. ए. च्या वर्षांत, म्हणजे १९९१ नंतरच्या त्या गजबजलेल्या दिवसांत, मी गोखले संस्थेच्या ग्रंथालयात बसत असे. त्या ग्रंथालयाला त्यांचेच नाव आहे. पण आम्हांला त्यांच्यात रस नव्हता. रुपयाचे अवमूल्यन झाले होते, परवाने रद्द होत होते, आणि ‘सुधारणा’ या शब्दाला एकच अर्थ आला होता. नियोजन आयोगाचा उपाध्यक्ष राहिलेला, सहकारावर विश्वास असलेला माणूस आम्हांला कालबाह्य वाटे. त्यांच्या एका सर्वेक्षणाची प्रत माझ्या हाती आली होती ती केवळ परीक्षेतील टीपेसाठी. वाई तालुक्यातील शेती-व्यवसायाची ती पाहणी होती, १९४० ची. मी सारांश उतरवून घेतला आणि पुस्तक परत केले.

आता ते वाचताना वेगळे दिसते. त्या काळचे आपले अर्थशास्त्री बहुधा साम्राज्याशी वाद घालीत, रुपयाचा दर किती असावा, संरक्षक जकाती असाव्यात की नसाव्यात यावर. वाद महत्त्वाचे होते. गाडगीळही त्यात होते. पण त्याच वेळी त्यांचे संशोधक पुण्याच्या फळबाजारात जाऊन विचारीत होते की संत्र्याच्या करंडीवर दलाल किती घेतो, हमाली किती, शेतकऱ्याच्या हाती किती उरते. ती पाहणी १९३३ ची. मग वाईची शेते. मग पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी, जिचा पहिला भाग १९४५ मध्ये निघाला. मग गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचा अभ्यास, १९४८ चा. कालवा काढल्याने सरकारला पाणीपट्टी किती मिळते एवढाच हिशेब तोवर होत असे. पाण्यामुळे शेतकऱ्याचे, मजुराचे, गाडीवानाचे, बाजारपेठेचे उत्पन्न किती वाढते, हे मोजायचे असते, ही कल्पना आपल्याकडे तेव्हा नवी होती. आज कोणत्याही प्रकल्पाच्या नस्तीत प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांचे परिशिष्ट जोडलेले असते आणि ते कोणी वाचत नाही, ही गोष्ट निराळी.

त्या कालव्याच्या अभ्यासात एक विसंगती होती. पाणी सरकारने दिले, ऊस शेतकऱ्याने लावला, पण साखर कारखाने भांडवलदारांचे. प्रवरेच्या काठी, लोणीच्या परिसरात, विठ्ठलराव विखे पाटील नावाचे शेतकरी पुढारी होते. शालेय शिक्षण बेताचे, पण हिशेबाची आणि माणसांची जाण मोठी. शेतकऱ्यांनीच भाग भांडवल जमवून कारखाना काढावा, ही खटपट त्यांनी गावोगाव फिरून केली. गाडगीळ त्या खटपटीत सल्लागार म्हणून आले नाहीत. ते कारखान्याचे अध्यक्ष झाले, आणि विखे पाटील उपाध्यक्ष. मुंबई प्रांताचे तेव्हाचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता यांचा पाठिंबा होता. १९५०-५१ च्या हंगामात पहिले गाळप झाले. सुमारे दहा वर्षे गाडगीळ अध्यक्षपदावर राहिले, आणि हे सगळे पुण्यातले संचालकपद सांभाळून. केंब्रिजची पदवी घेतलेला माणूस उसाच्या काट्यावरच्या तक्रारी ऐकत बसला होता, हे चित्र मला त्यांच्या सर्व ग्रंथांहून अधिक बोलके वाटते.

पुढे त्या चळवळीचे काय झाले हे महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यालाही ठाऊक आहे. दिल्लीच्या मराठी मित्रमंडळात सहकाराचा विषय निघाला की सूर उपहासाचाच असतो, आणि त्याला कारणे आहेत. कारखाना ही राजकारणाची पायरी झाली, तोट्यातल्या कारखान्यांच्या कर्जांना सरकारने हमी देत राहायचे ही रीत पडली. कारखाना शेतकऱ्यांच्या मालकीचा झाला की सत्ता शेतकऱ्यांची होईल असा जो विश्वास गाडगीळांना होता, तो भाबडा होता असे म्हणायला मी तयार आहे. मात्र उत्तरेतील ज्या जिल्ह्यांत मी काम केले, तेथे उसाचे पैसे दोन-दोन हंगाम थकलेले आणि शेतकऱ्याला जाब विचारायला सभासदत्वाचीही जागा नाही, असे पाहिल्यावर उपहास थोडा आवरता घ्यावासा वाटतो.

त्यांना सहकाराची दुर्बलता दिसत नव्हती असेही नाही. रिझर्व्ह बँकेने गोरवाला यांच्या अध्यक्षतेखाली ग्रामीण पतपुरवठ्याची जी अखिल भारतीय पाहणी केली, तिच्या संचालन समितीत गाडगीळ होते. १९५१-५२ मध्ये शेतकऱ्याने काढलेल्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा किती निघाला? ३.१ टक्के. सावकारांचा वाटा सत्तर टक्क्यांच्या आसपास. अर्धशतक सहकारी कायदे राबवल्यानंतरचा हा आकडा. समितीने तो झाकला नाही, १९५४ च्या अहवालात छापला. आपल्याच श्रद्धेच्या विरोधात जाणारा आकडा छापायला लागणारे धैर्य मी नोकरीत फार वेळा पाहिलेले नाही. माझ्यातही नेहमी होते असे म्हणणार नाही. त्याच अहवालाच्या शिफारशीतून १९५५ मध्ये इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. आणि १९६९ मध्ये गाडगीळांच्याच अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने सुचवले, की बँकांनी देशभर विखुरलेल्या शाखा उघडण्याऐवजी जिल्हा हे क्षेत्र धरून काम करावे. पुढे ‘अग्रणी बँक’ योजना आली ती या विचारातून. तुमच्या-आमच्या जिल्ह्यात दर तिमाहीला जिल्हाधिकाऱ्यांकडे बँकांची जी कंटाळवाणी बैठक होते, तिचे मूळ हेच. ती बैठक आजही होते.

आता सूत्राकडे येतो.

१९६७ च्या निवडणुकांनंतर मद्रास, केरळ, पश्चिम बंगाल, ओरिसा, पंजाब, बिहार अशा अनेक राज्यांत काँग्रेसेतर सरकारे आली. तोवर राज्यांच्या योजनांना केंद्राचे साहाय्य योजनावार मिळे. अमुक योजनेला इतके अनुदान, तमुक योजनेला इतके कर्ज, प्रत्येकीचे प्रमाण वेगळे. ज्या योजनेत अनुदान अधिक, तिकडे राज्याचा ओढा, मग तिची गरज असो वा नसो. आणि कोणत्या राज्याला एकूण किती, हे पुष्कळसे दिल्लीतील वजनावर ठरे. केंद्रात आणि राज्यात एकच पक्ष असेतो ही घरातली गोष्ट होती. आता ती घरातली राहिली नव्हती.

अशा वेळी, सप्टेंबर १९६७ मध्ये, गाडगीळ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. वय सहासष्ट. नियोजन रखडले होते, १९६६ ते १९६९ अशी तीन वर्षे पंचवार्षिक योजनाच नव्हती. विशेष म्हणजे आयोगाचे ते जुने टीकाकार. आयोगाने सल्लागार तज्ज्ञमंडळ असावे, मंत्र्यांच्या कार्यकारी सत्तेत गुंतू नये, आणि किमतींचे धोरण नसलेली योजना ही नुसती खर्चाची यादी ठरते, असे त्यांनी पन्नाशीच्या दशकात वारंवार लिहिले होते. परवाने मर्जीप्रमाणे वाटले गेले तर नियोजनाचा लाभ मूठभर बड्या उद्योगांना होईल, हेही. १९९१ नंतर जी टीका आम्ही नवी म्हणून ऐकली, तिच्यातला बराच भाग या ‘कालबाह्य’ माणसाने आधीच मांडून ठेवला होता. उपाय मात्र निराळा होता. त्यांना नियोजन मोडायचे नव्हते, त्यातली मर्जी काढायची होती.

१९६९ मध्ये राष्ट्रीय विकास परिषदेने मान्य केलेले सूत्र वर्तमानपत्राच्या एका चौकटीत मावेल एवढे आहे. प्रथम आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर यांच्या गरजा बाजूला काढायच्या. उरलेल्या रकमेपैकी ६० टक्के लोकसंख्येनुसार, १० टक्के ज्या राज्यांचे दरडोई उत्पन्न राष्ट्रीय सरासरीहून कमी आहे त्यांना, १० टक्के करवसुलीतील प्रयत्नांनुसार, १० टक्के चालू मोठ्या सिंचन व वीज प्रकल्पांसाठी, १० टक्के राज्यांच्या विशेष समस्यांसाठी. सर्वांना सरसकट ३० टक्के अनुदान आणि ७० टक्के कर्ज. त्या तीन राज्यांना मात्र ९० टक्के अनुदान आणि १० टक्के कर्ज. आणि मुख्य म्हणजे, ही रक्कम एखाद्या योजनेला चिकटलेली नाही. ती राज्याच्या संपूर्ण योजनेसाठी.

अर्थशास्त्र म्हणून पाहिले तर सूत्र फारसे देखणे नाही. गरीब राज्यांसाठी केवळ दहा टक्के, हा तडजोडीचा आकडा आहे. सगळ्या मुख्यमंत्र्यांना एका टेबलाशी बसवायचे तर लोकसंख्येइतके निर्विवाद दुसरे काही नव्हते. १९८० मध्ये सिंचन-वीज प्रकल्पांचा हिस्सा काढून तो दरडोई उत्पन्नाकडे वळवावा लागला, १९९१ मध्ये पुन्हा बदल झाले. सत्तर टक्के कर्जाचा बोजा राज्यांच्या डोक्यावर साचत गेला तो गेलाच, आणि बाराव्या वित्त आयोगाच्या काळात, २००५ नंतर, केंद्राने योजनांसाठी कर्ज देणे थांबवले. ‘विशेष दर्जा’ हे तर पुढे राजकीय मागणीचे नाव झाले. हे सारे मान्य. पण एका राज्याच्या वित्त सचिवाला कोणाच्या दारात न बसता, पाटीवर खडूने, आपल्या राज्याला काय मिळणार याचा बराचसा हिशेब करता येऊ लागला, ही साधी गोष्ट नव्हे.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. २००४ मध्ये मी एका मंत्रालयात उपसचिव होतो आणि ग्रामीण भागासाठीची एक केंद्रपुरस्कृत योजना माझ्याकडे होती. ईशान्येकडील एका लहान राज्याच्या नियोजन विभागाचे अधिकारी भेटायला आले. वयाने माझ्याहून मोठे, बोलणे अगदी मृदू. त्यांची विनंती एवढीच होती, की आमच्या योजनेतून पायी जाण्याचे पूल बांधू द्यावेत. त्यांच्या डोंगरांत गाव आणि शाळा यांच्यामध्ये ओढा असतो, पावसाळ्यात चार महिने मुले जात नाहीत. आमच्या मार्गदर्शक सूचनांत पूल नव्हते. बाजाराचे पक्के ओटे व छत होते, गोदामे होती, पाणपोई होती. मी सूचनांची पुस्तिका उघडून त्यांना परिच्छेद दाखवला. त्यांनी तो आधीच वाचलेला होता, हे उघड होते. उठताना म्हणाले, “पूर्वी आम्ही असे पूल गाडगिल पैशांतून बांधत असू, सर. आता तो पैसा पगार-खर्चाच्या तोंडमिळवणीतच संपतो.”

गाडगीळ पैसा! मराठी कानांना ते ऐकून बरे वाटले, एवढेच. नस्तीवर मी ‘सूचनांत तरतूद नसल्याने विनंती मान्य करता येत नाही’ असे लिहिले, आणि ते नियमानुसार अचूक होते.

दोन वर्षांनी पाहणीसाठी त्या राज्यात गेलो. आमच्या योजनेतून बांधलेले बाजाराचे छत मला दाखवण्यात आले. काम चांगले होते. तेथे बाजार भरत नव्हता, कारण भरायचा तो ओढ्याच्या पलीकडे. ओढ्यावर बांबूचा पूल होता, दर पावसाळ्यात वाहून जाणारा आणि दर हिवाळ्यात गावकऱ्यांनी पुन्हा बांधायचा. माझ्या बरोबरच्या कनिष्ठ अभियंत्याने छताचे छायाचित्र घेतले, उपयोगिता प्रमाणपत्राला जोडण्यासाठी. प्रमाणपत्र बिनचूक होते. पुढचा हप्ता मीच सोडला.

परतल्यावर मी एक टिपणी लिहिली, की अशा योजनांत काही टक्के रक्कम राज्याच्या मर्जीवर सोडावी. ती वर गेली आणि ‘हिशेब तपासणीत अडचण येईल’ या शेऱ्यासह खाली आली. माझ्यासारख्या टिपण्या अनेकांनी लिहिल्या असणार. २०१४ मध्ये केंद्रपुरस्कृत योजनांत दहा टक्क्यांचा ‘फ्लेक्सी फंड’ आला, २०१६ मध्ये तो राज्यांसाठी पंचवीस टक्के झाला. म्हणजे १९६९ मध्ये जे पूर्ण मिळाले होते, त्याचा चतुर्थांश आम्ही सुधारणा म्हणून परत दिला.

दरम्यान मूळ सूत्र संपले होते. १ जानेवारी २०१५ रोजी नियोजन आयोगाच्या जागी नीती आयोग आला. चौदाव्या वित्त आयोगाने राज्यांचा करातील वाटा ३२ वरून ४२ टक्के केला आणि सूत्रावर आधारित योजना-साहाय्य थांबले. २०१७-१८ पासून अर्थसंकल्पात योजना आणि योजनेतर असा भेदच उरला नाही. हे चुकले असे मी म्हणत नाही. वाढलेला वाटा राज्यांना विनाअट मिळतो, आणि गाडगीळांनी त्याचे स्वागतच केले असते असे मला वाटते. त्यांनी प्रश्न विचारला असता तो दुसऱ्या बाजूचा. केंद्रपुरस्कृत योजना, अटी, हिस्से, हप्ते, प्रमाणपत्रे यांचा पसारा का आटपला नाही? योजनावार साहाय्याची जी पद्धत त्यांनी खटपटीने बाजूला सारली होती, तीच संगणकावर चढून परत आली आहे. त्यांच्या आकड्यांपैकी एक तेवढा टिकला, तो म्हणजे डोंगरी राज्यांचा ९०:१०. आमच्या नव्या अधिकारी ज्याचा मागोवा घेत होत्या तोच. तोही आता योजनेला चिकटलेला.

मार्च १९७१ च्या निवडणुकीनंतर आयोगात बदल झाले आणि एप्रिलच्या आरंभी गाडगीळांनी उपाध्यक्षपद सोडले. महिन्याभरात, ३ मे १९७१ रोजी, त्यांचे निधन झाले. योजना भवनात त्यांची साडेतीन वर्षे गेली, पुण्यात छत्तीस. पश्चिम घाटावरील २०११ च्या अहवालामुळे ज्यांचे नाव घरोघरी झाले ते माधव गाडगीळ त्यांचे पुत्र. त्या अहवालातही काय करायचे ते ग्रामसभेने ठरवावे असा आग्रह होता आणि त्यावरूनच वाद पेटला, हे आठवते.

त्या तरुण अधिकारी बाईंना मी वाई तालुक्याच्या पाहणीची छायाप्रत दिली. आठवड्याने त्यांनी विचारले, “सर, यात एका शेतकऱ्याच्या जमिनीचे किती तुकडे आहेत, ते कुठे कुठे आहेत, हेसुद्धा मोजले आहे. एवढे मोजायला यांना निधी कोणी दिला?” मी देणगीची गोष्ट सांगितली. त्यांना ती फारशी पटलेली दिसली नाही.

आणि हे लिहायला बसण्यापूर्वी मी ईशान्येतील त्या निवृत्त अधिकाऱ्यांना दूरध्वनी केला. ते आता बाग करतात. पुलाचे विचारले. म्हणाले, लोखंडी झाला, काही वर्षांपूर्वीच. कोणत्या योजनेतून, असे मी सवयीने विचारले. ते हसले. आमदार निधीतून, म्हणाले, आणि खांबांसाठी दगड गावकऱ्यांनी वाहिले. छताखाली आता बाजार भरतो का, हे विचारायचे माझ्या ओठांवर आले होते. तेवढ्यात त्यांनीच सांगितले, की तेथे पंचायतीने सरपण ठेवले आहे, आणि पावसात ते कोरडे राहते.